एबी ५४०ची फी-सवलत: इमिग्रेशनचे कागद नसलेल्या मुलांनी कॅलिफोर्नियात कोणत्या क्रमाने काय करावं

ॲडमिशनचं पत्र येतं, घरात पेढे वाटले जातात आणि थोड्या दिवसांनी फीचं बिल उघडलं जातं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या बिलात मूळ फीखाली एक जास्तीची ओळ दिसते: नॉनरेसिडेंट सप्लिमेंटल ट्यूशन, म्हणजे राज्याचे रहिवासी नसलेल्यांची जादा फी. २०२५-२६ मध्ये नव्याने पदवीला लागणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही एकच ओळ वर्षाला ३७,६०२ डॉलरची आहे. ही रक्कम पाहून अनेक आईवडील मुलीला ‘आपल्याला नाही परवडत’ एवढंच सांगतात आणि विषय संपतो. त्यातल्या कित्येक मुलींना ही ओळ लागूच होत नसते. योग्य अर्ज योग्य वेळी दिलेला नसतो, एवढंच.

कॅलिफोर्नियात ही ओळ काढून टाकणारा कायदा म्हणजे एबी ५४०. कम्युनिटी कॉलेज, कॅल स्टेट म्हणजे सीएसयू आणि यूसी या तिन्ही सरकारी व्यवस्थांत तो चालतो. खाजगी विद्यापीठांच्या फीशी त्याचा संबंध नाही. खालच्या पायऱ्या मुख्यतः ज्यांचं स्टेटस (अमेरिकेत राहायची कायदेशीर परवानगी) संपलंय किंवा कधी नव्हतंच, अशा मुलांसाठी लिहिल्या आहेत. आपल्या मराठी घरांत मात्र एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर, वाढलेली आणि एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभी असलेली मुलं बरीच आहेत, आणि त्यांची गफलत सर्वांत महाग पडते. त्यामुळे जिथे त्यांचा रस्ता वेगळा होतो तिथे थांबून सांगितलं आहे.

सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे. तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात: इमिग्रेशनचं स्टेटस काय, फी कोणत्या दराने, आणि आर्थिक मदत कुठून. तिन्हींचे अर्ज वेगळे, ते बघणारी ऑफिसं वेगळी, तारखाही वेगळ्या. म्हणून क्रम सोडू नका.

इशारा: हे सगळं फक्त कॅलिफोर्नियाचं आहे. डॅलसच्या किंवा टँपाच्या मावसभावाचा सल्ला इथे लावू नका, आणि इथला तिथे पाठवू नका. टेक्सासने अशी सवलत २००१ मध्ये सर्वांत आधी सुरू केली होती. केंद्र सरकारने दावा लावल्यावर जून २०२५ मध्ये ती कोर्टाच्या आदेशाने बंद झाली. फ्लोरिडाने आपली सवलत १ जुलै २०२५ पासून रद्द केली. न्यू जर्सीत हायस्कूलची तीन वर्षं आणि तिथलाच डिप्लोमा लागतो. न्यूयॉर्कमध्ये हायस्कूलची दोन वर्षं, डिप्लोमा आणि त्यानंतर पाच वर्षांच्या आत अर्ज अशी अट आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यांविरुद्धही केंद्राच्या न्याय विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दावा दाखल केला आहे. त्यामुळे अर्ज भरण्याच्या आठवड्यात कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला ‘एबी ५४० आज लागू आहे ना?’ असं एका ओळीचं ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

## पायरी १: स्टेटसची तारीखवार यादी करा

कॉलेजची वेबसाइट उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या. डावीकडे तारखा, उजवीकडे त्या तारखेला मुलाचं स्टेटस. अमेरिकेत पहिलं पाऊल पडलं त्या दिवसापासून आजपर्यंत. कोणत्या व्हिसावर आला, एक्स्टेन्शन कधी झालं, वडिलांची नोकरी कधी गेली, मुलगा एकवीसचा कधी झाला किंवा होणार, सगळं लिहा.

ही यादी आठवणीतून करू नका, कागदांवरून करा. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची तारीख हा स्टेटसचा पुरावा नव्हे. शिक्का देशात येण्यासाठी असतो. किती दिवस राहायची परवानगी आहे ते आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असतं. इथेच राहून एक्स्टेन्शन झालं असेल तर मंजुरीच्या आय-७९७ नोटिशीच्या तळाशी नवं आय-९४ जोडलेलं असतं. सीमेवरच्या नोंदीचं आय-९४ सीमा तपासणाऱ्या सीबीपी खात्याच्या वेबसाइटवरून फुकट काढता येतं.

भारतीय कुटुंबांना नडणारी एक गोष्ट इथे नीट बघा. अल्पवयीन मुलांचा भारतीय पासपोर्ट साधारण पाचच वर्षांचा असतो. वडिलांचा एच-१बी तीन वर्षांसाठी मंजूर असतो, पण मुलाचा पासपोर्ट दीड वर्षात संपणार असतो. मग विमानतळावरचा अधिकारी मुलाला आय-९४ पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच देतो. घरी सगळे समजतात की चौघांची तारीख एकच. पुढे पासपोर्ट नवा होतो, पण आय-९४ वाढवायचं राहून जातं, आणि मूल कुणाच्याही नकळत स्टेटसबाहेर जातं. प्रत्येक मुलाचं आय-९४ वेगळं काढून तारीख वाचा.

इशारा: अशी फट सापडली तर कॉलेजच्या अर्जाकडे वळण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. वय १८ पूर्ण झाल्यावर बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जाऊ लागतात. १८० दिवसांपेक्षा जास्त दिवस असे राहून देश सोडला तर तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहून सोडला तर दहा वर्षं परत येण्यावर बंदी लागू शकते. लग्नाला किंवा आजीला भेटायला भारतात जायचं तिकीट काढण्याआधी ही यादी वकिलासमोर ठेवा.

## पायरी २: आपला रस्ता कोणता ते ठरवा

यादी झाली की मूल यांपैकी एका गटात बसतं.

स्टेटस नाही. व्हिसा उलटून गेलाय, किंवा कधी कागद झालेच नाहीत, किंवा डाका आहे. या मुलांसाठी एबी ५४० हाच सरळ रस्ता. (डाका म्हणजे लहानपणी अमेरिकेत आलेल्या, कागद नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी २०१२ ची योजना. तिला १५ जून २०१२ रोजी कायदेशीर स्टेटस नसण्याची अट होती, त्यामुळे त्या दिवशी एच-४ वर असलेली आपली बहुतेक मुलं तिच्या बाहेरच राहिली. आता नवे अर्ज घेतले जातात, पण त्यांवर निर्णय होत नाही. ‘आधी डाका घेऊ, मग कॉलेज’ असा विचार करत वर्ष घालवू नका. एबी ५४० साठी डाका लागत नाही.)

एच-४ चालू आहे. अशा मुलाला एबी ५४० ची गरज बहुधा पडत नाही. एच-४ वर असलेली व्यक्ती कॅलिफोर्नियाची रहिवासी ठरू शकते. आईवडील वर्षभराहून जास्त काळ इथे राहत असतील, कर इथे भरत असतील, लायसन्स इथलं असेल, तर रहिवासी म्हणून अर्ज करा. एबी ५४० चा अर्ज भरून ठेवला तर काय बिघडलं, असं म्हणू नका. त्या अर्जात आपण सध्या नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या व्हिसावर असलेली व्यक्ती) नाही असं सही करून सांगावं लागतं. टी आणि यू व्हिसा (मानवी तस्करीच्या आणि इतर गुन्ह्यांच्या बळींसाठीचे) वगळता चालू नॉनइमिग्रंट व्हिसा असलेल्यांना ही सवलत नाही, त्यामुळे ती सही खोटी ठरेल.

एकविसावं वर्ष जवळ आलंय. हा गट सर्वांत अडचणीचा. एकवीस पूर्ण झाले की एच-४ संपतो. बहुतेक जण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात, आणि एफ-१ वर कॅलिफोर्नियाचं रहिवासी होता येत नाही. म्हणजे बालवाडीपासून इथे शिकलेलं मूल फीच्या बाबतीत कालच विमानातून उतरलेल्या परदेशी विद्यार्थ्याच्या रांगेत जाऊ शकतं. हा अन्याय आहे, पण तो गृहीत धरूनच तयारी करावी लागते. एकविसाव्या वाढदिवसाच्या किमान वर्षभर आधी दोन कामं करा. पहिलं, चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टखाली मुलाचं ‘कायद्यातलं वय’ किती धरलं जाईल ते वकिलाकडून काढून घ्या. ग्रीन कार्डसाठीचं पिटिशन प्रलंबित होतं तेवढे दिवस खऱ्या वयातून वजा होतात. मात्र १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना व्हिसा बुलेटिनमधल्या (ग्रीन कार्डच्या रांगेच्या तारखा देणारं दरमहाचं सरकारी पत्रक) फायनल ॲक्शन तारखांचा तक्ता धरला जातो, त्यामुळे नातेवाइकाच्या मुलाने आधी केलेला हिशेब तुम्हाला लागू पडेलच असं नाही. दुसरं, एफ-१ चा अर्ज टाकण्याआधी कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा: स्टेटस बदललं तर माझी फी कोणत्या सत्रापासून बदलेल?

इशारा: ‘एफ-१ घेऊन महाग फी भरण्यापेक्षा स्टेटस जाऊ दे, एबी ५४० मिळेल’ असा सल्ला कानावर येतो. कळकळीने सांगते, हे करू नका. फीचे पैसे वाचतील, पण काम करायचा हक्क, ग्रीन कार्डची वाट आणि भारतात जाऊन परत येण्याची मुभा, हे सगळं पणाला लागेल.

नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, पण राहतात दुसरीकडे. ही मंडळी एबी ५४० चा विचारच करत नाहीत. हायस्कूल कुपर्टिनोत झालं, मग घर ऑस्टिनला हललं, आणि मुलीला यूसी डेव्हिसमध्ये जायचंय. कायद्याची कसोटी शाळेतल्या हजेरीवर आहे, आज राहता कुठे यावर नाही. याच कारणाने कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा कायदा वैध ठरवला. अशा मुलीनेही पायरी ३ करून बघावी.

## पायरी ३: शाळेची वर्षं मोजा

सर्वांत जास्त अर्ज इथे अडतात, म्हणून घाई करू नका. दोन अटी वेगवेगळ्या तपासायच्या आहेत: हजेरी आणि पूर्तता.

हजेरी तीनपैकी कोणत्याही एका मार्गाने पूर्ण होते:

१. कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलमध्ये तीन किंवा जास्त वर्षं पूर्णवेळ.
२. तीन वर्षांच्या हायस्कूल अभ्यासक्रमाएवढे क्रेडिट कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलमधून मिळवलेले, आणि कॅलिफोर्नियातल्या प्राथमिक-माध्यमिक शाळांत मिळून एकूण तीन किंवा जास्त वर्षं.
३. हायस्कूल, अडल्ट स्कूल आणि कम्युनिटी कॉलेज मिळून तीन वर्षांएवढी पूर्णवेळ हजेरी.

शाळा सरकारी असो वा खाजगी, दोन्ही चालतात. वर्षं सलग असण्याची गरज नाही, ती एकाच शाळेतली असण्याचीही नाही.

काही उदाहरणं घेऊ. एका मुलीची नववी-दहावी फ्रीमाँटला झाली. एच-४ चालू असताना अकरावी तिने पुण्यात आजीकडे राहून केली, आणि बारावीला परत येऊन इथे डिप्लोमा घेतला. तीन वर्षं भरली, पहिला मार्ग. मधलं पुण्याचं वर्ष आड येत नाही. दुसरा मुलगा सातवी-आठवी सॅन होजेला शिकला आणि उन्हाळी वर्ग घेत अडीच वर्षांत हायस्कूल संपवून बाहेर पडला. हायस्कूलची वर्षं कमी भरतात, पण क्रेडिट तीन वर्षांचे आहेत आणि एकूण शाळा साडेचार वर्षं झाली आहे. तो दुसऱ्या मार्गाने बसतो. तिसरी मुलगी दहावीच्या जानेवारीत पहिल्यांदा कॅलिफोर्नियात आली आणि बारावी करून बाहेर पडली. अडीच वर्षं. तिच्या हातात डिप्लोमा आहे, गुण उत्तम आहेत, आणि तरी आज ती पात्र नाही. तिच्यासाठी पायरी ४.

दुसरी अट पूर्ततेची. कॅलिफोर्नियातला हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र (जीईडीसारखं), किंवा इथल्या कम्युनिटी कॉलेजची असोसिएट पदवी, किंवा यूसी-सीएसयूला ट्रान्सफर होण्याच्या किमान अटी पूर्ण केलेल्या. यांपैकी एक पुरतं.

तपासून घ्या: ‘बारावी इथे झाली म्हणजे झालं’ हा गैरसमज आहे. एकट्या डिप्लोम्याने हजेरीची अट भरत नाही, आणि एकट्या हजेरीने पूर्ततेची भरत नाही. कागदावर दोन रकाने करा आणि दोन्हींत बरोबरची खूण आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी ४: वर्षं कमी पडत असतील तर

२०१८ पासून लागू झालेल्या सुधारणेमुळे (एसबी ६८) तिसरा मार्ग उघडला, आणि अर्धं-एक वर्ष कमी पडणाऱ्या मुलांना तोच उपयोगी पडतो. २०२२ च्या एसबी ११४१ ने त्यातली एक अडचणही दूर केली. आधी कम्युनिटी कॉलेजच्या क्रेडिट कोर्सची दोनच वर्षं धरली जायची, ती मर्यादा निघाली.

वरच्या तिसऱ्या मुलीला एका सत्राची पूर्णवेळ हजेरी हवी आहे. तिच्यापुढे दोन पर्याय आहेत. क्रेडिट कोर्स घेतले तर सेमिस्टरला १२ युनिट म्हणजे पूर्णवेळ. पण त्या सत्रात ती अजून पात्र नसल्याने नॉनरेसिडेंट दर लागेल, आणि तो युनिटमागे शेकडो डॉलरचा असतो. रहिवाशांचा दर आहे ४६ डॉलर, म्हणजे १२ युनिटचे ५५२. तफावत मोठी आहे. म्हणून आधी दुसरा पर्याय बघा: अडल्ट स्कूल किंवा कम्युनिटी कॉलेजचे नॉनक्रेडिट (पदवीसाठी न धरले जाणारे) वर्ग. त्यांना ही नॉनरेसिडेंट फी नसते. तिथे वर्षाला किमान ४२० तासांची हजेरी पूर्णवेळ धरतात आणि सत्राचा हिशेब त्याच प्रमाणात होतो.

तासांची नोंद पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवा आणि सत्र संपताच शाळेकडून तासांचा उल्लेख असलेलं पत्र घ्या. ‘कोर्स पूर्ण केला’ एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र पुरत नाही, तासांचा आकडा हवा.

इशारा: वर्ग निवडण्याआधी ज्या कॉलेजला पुढे जायचंय त्याच्या रेसिडेन्सी ऑफिसला विचारा की हे तास तुम्ही धराल का. विनाफीचे वर्ग खूप असतात, ते सगळेच या हिशेबात बसत नाहीत.

## पायरी ५: कागद आणि नावं

एका फोल्डरमध्ये हे जमवा: हायस्कूलची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, डिप्लोमा किंवा समकक्ष प्रमाणपत्र, आधीच्या शाळांची हजेरीची पत्रं (दुसरा मार्ग असेल तर प्राथमिक शाळेचंही), अडल्ट स्कूलच्या तासांचं पत्र आणि पायरी १ ची यादी. यादी कॉलेजला द्यायची नाही, ती तुमच्यासाठी आणि वकिलासाठी आहे.

ट्रान्सक्रिप्ट ‘अधिकृत’ म्हणजे शाळेने थेट पाठवलेली किंवा सीलबंद पाकिटातली. घरी आलेलं पाकीट कुतूहलाने फोडलं की ती अनधिकृत झाली. जुनी शाळा बंद झाली असेल तर त्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या कचेरीत नोंदी मिळतात. उन्हाळ्यात या कचेऱ्या कमी माणसांवर चालतात, त्यामुळे जूनची वाट न बघता फेब्रुवारीतच मागणी करा.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास. पासपोर्टवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही. शाळेच्या नोंदीत वडिलांचं नाव गळालेलं. कुठे ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात दोन्ही नावं एकत्र, तर कुठे वडिलांचं नावच आडनाव होऊन बसलेलं. मग कॉलेजच्या संगणकात एकाच मुलाच्या दोन फायली तयार होतात. ट्रान्सक्रिप्ट एकीत, अर्ज दुसरीत, आणि महिनाभराने ‘कागद मिळाले नाहीत’ असं ईमेल येतं. उपाय साधा आहे. एक रूप ठरवा, कॉलेजच्या प्रत्येक अर्जात तेच लिहा, आणि ‘आधीची नावं’ या रकान्यात बाकीची सगळी रूपं भरा. तो रकाना रिकामा सोडू नका.

## पायरी ६: ॲडमिशनच्या अर्जातले नागरिकत्वाचे रकाने

यूसीचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा असतो. नागरिकत्वाच्या प्रश्नाला कागद नसलेल्या विद्यार्थ्यासाठी ‘नो सिलेक्शन’ हा पर्याय ठेवलेला आहे, तोच निवडा. कॅल स्टेटच्या अर्जातही तसा पर्याय असतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर जागा रिकामी ठेवा. कराचा आयटीआयएन तिथे घालू नका, आणि दुसऱ्याचा नंबर तर कधीच नाही. हायस्कूल कॅलिफोर्नियात किती वर्षं केलं हा प्रश्न यूसीच्या अर्जात असतो, त्याचं उत्तर पायरी ३ च्या कागदावरून द्या.

उत्पन्न कमी असेल तर अर्जाच्या फीची माफी मागा. यूसीत चार कॅम्पसपर्यंतची फी माफ होऊ शकते आणि एबी ५४० मध्ये बसणाऱ्या मुलांनाही ती मिळते.

इशारा, आणि हा सर्वांत गंभीर: कुठेही ‘यूएस सिटिझन’वर खूण करू नका. फॉर्म पुढे सरकत नाही म्हणून, घाई आहे म्हणून, कुणी तरी ‘काही होत नाही’ म्हणालं म्हणून, कशासाठीही नाही. नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे ग्रीन कार्डचा रस्ता कायमचा बंद करू शकतो. लायसन्सच्या वेळी डीएमव्हीच्या मतदार-नोंदणीच्या प्रश्नालाही हेच लागू. चुकून खूण झाली असेल तर गप्प बसू नका, ताबडतोब दुरुस्ती मागा, ती लेखी मागा आणि वकिलाला सांगा.

## पायरी ७: एबी ५४० चं प्रतिज्ञापत्र

ॲडमिशन मिळाली म्हणजे सवलत आपोआप लागत नाही. ‘कॅलिफोर्निया नॉनरेसिडेंट ट्यूशन एक्झम्प्शन रिक्वेस्ट’ हा वेगळा अर्ज आहे. प्रवेश स्वीकारल्यावर यूसी आधी ‘स्टेटमेंट ऑफ लीगल रेसिडेन्स’ भरून घेते. तो भरला म्हणून हा झाला असं होत नाही, दोन्ही द्यावे लागतात.

अर्ज ओळीने असा भरा:

१. शाळांची यादी: नाव, शहर, कधीपासून कधीपर्यंत. महिने आणि वर्षं ट्रान्सक्रिप्टशी जुळली पाहिजेत.
२. पूर्तता: डिप्लोमा, प्रमाणपत्र, पदवी की ट्रान्सफरच्या अटी, ते.
३. नॉनइमिग्रंट आहात की नाही. इथे आजचं स्टेटस विचारलंय. एच-४ वर आलेला, पण आता स्टेटस गेलेला मुलगा ‘मी तर व्हिसावर आलो होतो’ म्हणून नॉनइमिग्रंटवर खूण करतो आणि अर्ज नाकारला जातो. एक्स्टेन्शन किंवा स्टेटस बदलाचा अर्ज अजून प्रलंबित असेल तर मात्र खूण करण्याआधी वकिलाला विचारा.
४. स्टेटस नसलेल्यांचं वचन: इमिग्रेशन नियमित करण्याचा अर्ज केला आहे, किंवा पात्र होताच करीन. या वाक्याला पुष्कळ जण घाबरतात. आज कोणताही अर्ज टाकलेला असण्याची अट नाही. पात्र होताच करीन, एवढंच वचन आहे.
५. सही आणि तारीख. खोटं ठरल्यास शपथभंगाची जबाबदारी आहे, त्यामुळे मुलाने स्वतः वाचून सही करावी. आईवडिलांनी त्याच्या वतीने करू नये.

माहिती कुठे जाते हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, आणि तो रास्त आहे. हा अर्ज कॉलेजकडे राहतो. विद्यार्थ्यांच्या नोंदींना फर्पा या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. कोर्टाचा आदेश आला तर कॉलेजला नोंदी द्याव्या लागू शकतात. म्हणून विचारलं तेवढंच लिहा. पासपोर्टची प्रत, व्हिसाचा इतिहास, घरच्यांचं स्टेटस असं न मागितलेलं काही जोडू नका.

तपासून घ्या: अर्ज ऑनलाइन भरला असला तरी कॉलेजकडे तो पोचला का आणि मंजूर झाला का, हे दोन प्रश्न वेगळे विचारा. तीन कॅम्पसला प्रवेश मिळाला असेल तर ज्याला जाणार त्याच्याकडे अर्ज हवा. कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्सफर झालात तर नव्या ठिकाणी पुन्हा द्या, जुनी मंजुरी तुमच्याबरोबर येत नाही.

## पायरी ८: आर्थिक मदत, आणि चुकीचा फॉर्म

कागद नसलेल्या आणि डाका असलेल्या मुलांनी फॅफ्सा (केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज) भरायचा नाही. तो केंद्र सरकारकडे जातो आणि त्यातून त्यांना काहीही मिळत नाही. त्यांच्यासाठी कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्टचा अर्ज आहे, तो राज्याच्या स्टुडंट एड कमिशनकडे जातो. त्यावर कॅल ग्रँट, मिडल क्लास स्कॉलरशिप आणि कॉलेजची स्वतःची मदत मिळू शकते. कम्युनिटी कॉलेजची फी माफ करणारं प्रॉमिस ग्रँटही आहे. यूसी आणि सीएसयूत राज्याचं ड्रीम लोन मिळतं. केंद्राचं पेल ग्रँट नाही, केंद्राची कर्जं नाहीत.

चार वर्षांच्या कॉलेजसाठी मुदत साधारण २ मार्च असते. काही वर्षी ती वाढवली गेली आहे, पण त्या भरवशावर राहू नका. नुसता अर्जही पुरत नाही. हायस्कूलने मुलाची जीपीए त्याच मुदतीत कमिशनला कळवलेली असावी लागते. काउन्सेलरला फेब्रुवारीत विचारा, मार्चमध्ये नाही. नंतर कमिशनच्या विद्यार्थी पोर्टलवर खातं उघडून मंजूर रक्कम स्वीकारावी लागते. अर्ज मंजूर झाला, पण खातं कुणी उघडलंच नाही, म्हणून पैसे न मिळालेली मुलं आहेत.

धाकटं भावंड अमेरिकेत जन्मलेलं असेल तर ते नागरिक आहे आणि फॅफ्सा भरू शकतं. पण त्यात आईवडिलांची माहितीही केंद्राकडे जाते. आईवडिलांना स्टेटस नसेल तर केवळ राज्याच्या मदतीसाठी ड्रीम ॲक्टचा अर्ज भरण्याचा पर्याय अशा नागरिक मुलांनाही आहे. पेल ग्रँट सोडायचं की माहिती द्यायची, हा निर्णय घरात बसून, वकिलाशी बोलून घ्या.

## पायरी ९: पहिलं बिल, आणि नकार आला तर

बिल आलं की नॉनरेसिडेंट ट्यूशनची ओळ आहे का ते बघा. दोन गोष्टी दिसू शकतात. ओळ आहे आणि तेवढ्याच रकमेची वजावट खाली आहे, म्हणजे सवलत लागली. किंवा ओळच नाही, तरीही लागली. पोर्टलवर मात्र मुलाच्या नावासमोर ‘नॉनरेसिडेंट’ असंच दिसत राहील, त्याने घाबरू नका. एबी ५४० मुलाला रहिवासी करत नाही, फक्त जास्तीची फी माफ करतो.

ओळ आहे आणि वजावट नाही, तर पैसे भरण्याआधी रेसिडेन्सी ऑफिसला लिहा. फीच्या तारखेआधी निकाल लागत नसेल तर मुदत वाढवून मागा. फी न भरल्याने वर्गांतली नावं वगळली जातात आणि जागा परत मिळेलच असं नाही. हप्त्यांची सोय आहे का तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

नकाराचं पत्र आलं तर त्यातलं कारण शब्दशः वाचा. पुष्कळदा ते ‘अपात्र’ नसतं, ‘कागद अपुरे’ असतं: एक ट्रान्सक्रिप्ट पोचलेली नसते, तारखा जुळत नसतात, किंवा नॉनइमिग्रंटच्या प्रश्नावरची खूण चुकलेली असते. अशा वेळी दुरुस्त कागद लगेच द्या. कारण खरोखर अपात्रतेचं असेल आणि तुमचा हिशेब वेगळा सांगत असेल, तर पत्रात दिलेल्या मुदतीत अपील करा. कोणत्या मार्गाने हजेरी भरते ते क्रमांकासह लिहा आणि प्रत्येक वर्षासमोर त्याचा पुरावा जोडा. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने पक्कं करा.

मदत मागायला संकोच करू नका. यूसी आणि सीएसयूच्या अनेक कॅम्पसवर आणि बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत कागद नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्रं आहेत. तिथली माणसं हेच अर्ज रोज हाताळतात. यूसीच्या विद्यार्थ्यांना यूसी इमिग्रंट लीगल सर्व्हिसेस सेंटरकडून फुकट कायदेशीर सल्ला मिळतो, सीएसयू आणि कम्युनिटी कॉलेजांतही विनाशुल्क वकिलांची सोय आहे. ‘नोटारिओ’ किंवा ‘कन्सल्टंट’ अशी पाटी लावून रोख पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. वकील असेल तर त्याच्या परवान्याचा नंबर विचारा आणि तो स्टेट बारच्या वेबसाइटवर तपासूनच मुलाचे कागद त्याच्या हातात द्या.